खुशालीचा रुपया

माझ्या दुकानात फॉल-पिकोला साड्या घेऊन आलेल्या बायका मशीन चालू असेपर्यंत काही ना काही विचारत बसतात, आणि त्यातली एखादी हमखास विचारते, "ताई, पैसे पाठवायला कुठलं ॲप चांगलं हो?" काउंटरवर मी तीन स्कॅनर चिकटवलेत, तीन ॲपचे, त्यामुळं त्यांना वाटतं मला यातलं लई कळतं. पूर्वी मी हातातलं काम बाजूला ठेवून सांगत बसायची. हौसच होती मला. आता कुणी विचारलं की मी मशीनवर जोरात पाय देते आणि म्हणते, "सगळी सारखीच. नवऱ्याला विचार तुझ्या."

सारखी नाहीत ती. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? तिन्ही मी पिळून काढलीत. एक आहे ते बँकेचं. ते सदा कपाळाला आठ्या घालून. सारखा नवा पासवर्ड मागणार, तीनदा चुकला की दार बंद, मग चपला झिजवत शाखेत जा. पण पैसे कुठं गेले त्याचा पत्ता त्यात पक्का लागतो. दुसऱ्याला मी बक्षीसवालं म्हणते. दहा रुपये पाठवले तरी पडद्यावर फुलं उधळतं, खरवडायला चिठ्ठी देतं, आणि खरवडल्यावर आत निघतं काय, तर चष्म्यावर सूट. तिसरं बोलतं. पैसे आले की काउंटरवरचा डबा मोठ्यानं सांगतो, अमुक रुपये मिळाले. मी दुकानाबाहेर असले की तेच वाक्य माझ्या फोनमधून येतं. दिवसभर मान खाली घालून सुईकडं बघणाऱ्या बाईला याच्याएवढं सोयीचं काही नाही. मी सगळ्यांना तेच घ्यायला सांगायची. माझ्या वडिलांनाही मी तेच घेऊन दिलं.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. मी इथं धाराशिवला, ते सास्तूरला. आई गेल्यापासून एकटेच. भूकंपानंतर गाव नव्यानं बसलं, रस्ते रुंद झाले, घरं लांब लांब झाली. जुन्या गावात शिंकलं तरी शेजारी विचारायचा, असं आण्णा सांगतात. आता हाक मारली तर ती शेजारच्या घरापर्यंत पोचतच नाही. त्यातून आण्णांनी स्लॅबखाली झोपणं त्या पहाटेपासून सोडलंय ते सोडलंच. घर आहे, खोल्या आहेत, पण झोपायला पाठीमागचं पत्र्याचं शेड. मग थंडी असो नाहीतर पाऊस. पुढून बघणाऱ्याला दार बंद दिसतं, आणि माणूस मागं. कान तर मळणी यंत्रानं कधीच खाल्ले. अगदी कानाशी जाऊन ओरडलं तर ऐकू येतं, फोनवर नुसतं घूं घूं.

म्हणून व्हिडिओ कॉल करून बघितला. फोन वाजला की आण्णा तो सवयीनं कानाला लावायचे. पंधरा दिवस रोज सकाळी मी माझ्या बापाच्या कानातले केस बघितले. मेसेज पाठवला तर वाचायचे, पण उलट काही पाठवायचे नाहीत. एकदा गेल्यावर कानाशी ओरडून विचारलं, तर म्हणाले, "मोकळा निरोप काय धाडायचा, माय?" आमच्याकडं शेजारणीचं भांडंसुद्धा मोकळं परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी टाकतात त्यात. आण्णांना निरोपाचंही तसंच वाटायचं.

त्यावरून मला सुचलं. मी म्हणलं, आण्णा, रोज सकाळी उठलात की मला एक रुपया पाठवा. रुपया आला की मी समजेन, माणूस उठलाय, चांगला आहे. त्यांना हे एकदम पटलं. लेकीला काहीतरी द्यायचं म्हणजे ते तयारच. उलट मी पाठवते म्हणाले असते तर त्यांनी फोन विहिरीत टाकला असता. दिलेल्या लेकीचा पैसा ते घेत नाहीत. माझ्याकडं येतानासुद्धा पिशवीत तुरीची डाळ घेऊन येतात, खाल्लेल्या दोन भाकरींची फेड म्हणून. तर रुपया तिकडून इकडं यायचा, इकडून तिकडं काहीच जायचं नाही. तेव्हा मला याचं कौतुक वाटलं होतं. आता त्या कौतुकाची चीड येते.

कुठलं ॲप त्यांना झेपतंय हे बघण्यात एक महिना गेला. बँकेचं आधी दिलं, तर तिसऱ्याच दिवशी आकडे चुकवून बंद पाडलं आणि शाखेत जाऊन तिथल्या साहेबाला ऐकवून आले. बक्षीसवालं दिलं, तर चिठ्ठीतली चष्म्याची सूट खरी धरून लोहाऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बसले आणि हसं करून घेतलं. मग बोलणारं दिलं. अक्षरं मोठी, माझा फोटो पहिलाच, त्याच्यावर बोट ठेवायचं, एक लिहायचं, चार आकडे टाकायचे. जमलं. पहिला रुपया आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि डबा खणखणीत बोलला, "एक रुपया मिळाला." ती बाई हसायला लागली. मी म्हणलं, हसू नको, बाप आहे माझा तो.

पुढं सहा-सात महिने असंच चाललं. रुपया कधी सहाला यायचा, कधी पावणेआठला, कधी नऊ वाजून जायचे. लवकर आला की समजायचं, रात्री झोप लागली नाही. उशिरा आला की शेतावरून येऊन मग पाठवलाय. वेळेवरून मला त्यांचा दिवस कळायचा. एकदा सकाळी दोन रुपये आले. पुढं गावी गेल्यावर कानाशी ओरडून विचारलं तर म्हणाले, आदल्या दिवशी जरा कणकण होती, त्या दिवशी बरं वाटलं म्हणून.

मग रुपया चुकायला लागला. वय झालं, राहून जायचं. कधी सकाळी रेंज नसायची. आणि माझा स्वभाव असा, आधी तोंड, मग डोकं. साडेनऊ झाले की माझा जीव टांगणीला लागायचा. आण्णांच्या शेजारच्या काकूंना फोन करायची. त्या काकू आमच्या कुणी नात्यातल्या नाहीत, पण आईच्या मैत्रीण, आणि तशाही रोज दिवसातून एकदा आण्णांकडं चक्कर मारायच्या. बिचाऱ्या गुडघे धरत जायच्या, मागं जाऊन बघायच्या, आणि सांगायच्या, "हरभऱ्याला पाणी द्यायलाय की गं तुझा बाप. काय हुतंय त्याला."

एका आठवड्यात असं तीनदा झालं. रविवारी मी एसटी धरली आणि सास्तूरला गेले. आण्णा ओट्यावर चार माणसांत बसले होते. मी तिथंच सुरू झाले. कानाशी ओरडावं लागतं म्हणजे सगळ्या आळीला ऐकू जाणार, हे मला माहीत होतं. तरी ओरडले. "एक रुपया पाठवायला हात झडले का तुमचे? मी तिकडं मरते का जगते, तुम्हाला काही पडलंय का?" माणसं उठून गेली. आण्णा खाली बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "चुकलं, माय."

त्यानंतर रुपया कधी चुकला नाही. रोज सकाळी सातला. सहा एकोणसाठला नाही, सात पाचला नाही, सातला. मी गॅसवर चहा ठेवायची आणि फोन बोलायचा. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! आमच्या ह्यांना म्हणलं, बघा, या वयात वळण लावलं मी बापाला. हे म्हणाले, "वळण लागलं का धसका घेतला?" मी त्यांना गप्प केलं. दुकानात येणाऱ्या बायकांना मी हे सांगायची, की बाई, तुझ्या सासूला हेच ॲप दे, बघ कसं चालतंय आमचं घड्याळासारखं. आणि काकूंना मी फोन करून सांगितलं, "आता रोजची चक्कर नको काकू, तुमचे गुडघे दुखतात. रुपया येतो रोज. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी मीच फोन करीन." काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई." मला वाटलं, मी किती शहाणी.

ज्या बापाला सगळा जन्म घड्याळ लावता आलं नाही, तो रोज सातच्या ठोक्याला फोन हातात घेऊन बसतो, हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही. आणि खटकायची जागा तर अगदी डोळ्यांपुढं आली होती.

येळवस होती. वेळ अमावस्या म्हणतात ती. त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवायला असतं. मी आदल्या दिवशीच गेले होते. सकाळी मी चुलीपुढं येळवशीची मिसळभाजी, भज्जी, हलवत होते, आणि आण्णा माझ्यासमोर उकिडवे बसून आंबिलीच्या बिंदगीला, म्हणजे घागरीला, फडकं बांधत होते. दोन्ही हात ओले, तोंडात दोरीचं एक टोक. आणि पदराखाली माझा फोन बोलला, "एक रुपया मिळाला."

मी आण्णांकडं बघितलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं, ते गाठ मारत होते. मी जवळ जाऊन ओरडले, "अहो आण्णा, मी इथं बसले की! आज कशाला रुपया?" त्यांनी दोरी तोंडातून काढली, जरा गडबडले, आणि हसले. मला वाटलं, आंघोळीच्या आधी पाठवला असेल, मध्येच अडकला, आता पोचला. पैसे कधी कधी असे अडकतात हे मला माहीत होतं ना! सगळंच माहीत होतं मला. काहीच माहीत नसतं तर मी विचारलं असतं, की हात ओले असताना रुपया गेला कसा.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, ऐन थंडीत, लग्नाचे ब्लाऊज गळ्यापर्यंत आले होते. सोमवारी सातला रुपया आला. मंगळवारी आला. बुधवारी आला. बुधवारी अकराच्या सुमाराला काकूंचा फोन आला, त्या जरा वैतागल्या होत्या. "अगं, आज नळाला पाणी आलंय. तुझ्या बापाचा नळ उघडाच हाय, टिपाड भरून पाणी रस्त्यावर यायलंय. दार लावल्यालं हाय. कुठं गेलाय काय की."

मी कात्रीनं बाही कापत होते. फोन खांद्यानं कानाला दाबून धरला होता. मी म्हणाले, "शेतात गेले असतील काकू. सकाळी रुपया आलाय. तुम्ही नका जाऊ चिखलातून, पाणी बंद होईल आपोआप." असं म्हणाले मी. हे वाक्य मला पुसता येत नाही.

काकूंनी ऐकलं नाही म्हणून माझा बाप आज आहे. पाणी वाया जाताना त्यांना बघवत नाही. त्या बोळातून मागं नळ बंद करायला गेल्या, आणि शेडचं दार अर्धं उघडं दिसलं. दहा मिनिटांनी त्यांचा परत फोन आला. आण्णा खाटेच्या कडेला जमिनीवर पडले होते. ओठ फुटलेले, अंग गार, धोतर ओलं होऊन वाळलेलं. सोमवारी पहाटे उठताना पाय अडकून पडले, ते तसेच. दोन रात्री.

आणि मी काकूंशी भांडले! "सोमवारी? शक्यच नाही. रुपया आलाय रोज. आजसुद्धा आलाय." काकू रडत म्हणाल्या, "तुझा रुपया घाल चुलीत, ये आधी."

उमरग्याला दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. खुब्याचं हाड मोडलेला माणूस, उठता येत नाही, सरकता येत नाही. मग रुपया कोण पाठवत होतं? कुणीतरी रोज सकाळी त्या शेडमध्ये येत होतं. आण्णा खाली पडलेले बघत होतं. त्यांना ओलांडून जात होतं, फोन उचलून त्यांचे चार आकडे टाकत होतं, मला गप्प ठेवायला एक रुपया धाडत होतं, आणि निघून जात होतं. अशी कोण असतील माणसं? मी एकेक चेहरा आठवत होते. काकूंवरसुद्धा संशय घेतला, देवाशपथ. ज्या बाईनं त्यांना शोधून काढलं तिच्यावर. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मला वाटत होतं, तो माणूस आत आण्णांच्या खाटेशी बसलेला असेल.

खाटेशी काकूच होत्या. आण्णा सलाईनवर, डोळे मिटलेले. काकूंनी त्यांचा फोन, चष्मा आणि एक टॉवेल पिशवीत घालून आणला होता. फोन शेडमधल्या फळीवर चार्जिंगला लावलेला सापडला म्हणाल्या. मी तो माझ्या ओटीत घेऊन बसले. कुणी हात लावला तर मला कळलं पाहिजे.

गुरुवारी सकाळी सातला माझ्या ओटीतला आण्णांचा फोन उजळला. मी त्याला बोटही लावलं नव्हतं. आण्णांचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांपुढं चादरीवर होते, एकात सुई टोचलेली. पडद्यावर माझं नाव आलं, पुढं एकचा आकडा, आणि माझा फोन वॉर्डात मोठ्यानं बोलला, "एक रुपया मिळाला." शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली. कुणीच नव्हतं तिथं. कुणीच कधी नव्हतं.

दुपारी आण्णा नीट बोलायला लागले. मी कानाशी वाकून विचारलं, हे रुपयाचं काय आहे? त्यांनी आधी डोळे चुकवले. पोरानं पाटी फोडून लपवावी तसं तोंड केलं.

"तू त्या दिवशी रागावलीस न्हवं. म्या मोबाईलवाल्याकडं गेलो. म्हणलं, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय, काय तरी कर बाबा. त्यानं लावून दिलं. सातला आपोआप जातंय रोज. मला काय बी करावं लागत न्हाय." मग म्हणाले, "तुला सांगणार व्हतो. पर तू लई खूश दिसलीस. म्हणलं, ऱ्हाऊ दे."

मी तशीच वाकून राहिले. त्यांना वाटलं मी अजून रागावलेय, म्हणून ते समजूत घालायला लागले.

"फोन फळीवर व्हता. हात पुरत न्हवता. पयल्या दिवशी सातला उजळला, तवा बरं वाटलं. म्हणलं, चला, पोरगी घाबरणार न्हाय. दुसऱ्या दिवशी परत उजळला, तवा म्हणलं, आज बी कुणी येत न्हाय. तिसऱ्या दिवशी उजाडायला म्या त्वांड भिताडाकडं फिरवलं. बघितलंच न्हाय तिकडं."

माफी मागायची तर कानाशी ओरडून मागावी लागणार होती. ज्या तोंडानं सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढं ओरडले होते, ते तोंड उघडेना. आण्णांनीच सुई टोचलेला हात सावकाश उचलून माझ्या मनगटावर ठेवला आणि काळजीनं विचारलं, "मिळाले न्हवं तिन्ही?"

मी मान हलवली.